इंडोनेशियातल्या वायगेओ बेटावर विल्सन्स बर्ड ऑफ पॅरडाइज हा पक्षी बघायला जाताय? आधी पैशाचं आणि चढाचं ऐका

"वीस मिनिटांची वाट, एकदम सोपी" असं तुम्हालाही सांगतील. अजिबात विश्वास ठेवू नका. सापोरक्रेन गावाच्या वरचं जंगल म्हणजे पहाटेच्या मिट्ट काळोखात छातीवरचा चढ, रात्री पाऊस झालेला असला तर चिखल आणि त्यात बुळबुळीत मुळं, आणि उजाडायच्या आत लपणात, म्हणजे पक्षी बघायला केलेल्या आडोशात, पोचायचं म्हणून गाईड पळवत नेतो, पाणी प्यायलाही थांबत नाही. ग्रिपवाले बूट आणि हेडलॅम्प नसेल तर जाऊच नका.

सोरोंग शहरातून वायगेओवरच्या वैसाईला जाणारी फेरी बोट साधारण दोन तास घेते, ती ठीक आहे. माझं डोकं फिरलं ते नंतर. गाडी, गाईड, लपण सगळं धरून म्हणून एक आकडा सांगितला होता, खाली आल्यावर म्हणे गाडी वेगळी, लपण वेगळं आणि तेही माणशी! म्हणून आदल्या संध्याकाळीच विचारा, माणशी की ग्रुपचे, गाडी धरून की सोडून, आणि कागदावर लिहून घ्या. रोख रुपिया सोरोंगलाच काढा. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरशी आधी बोलून घ्या, इथले लोक ते हसण्यावारी नेतात.

आता पक्षी. जगात फक्त वायगेओ आणि बटांटा या दोन बेटांवर, डोंगराळ जंगलात. शेपटी सोडली तर जेमतेम 16 सेंटीमीटर, पण नराचं डोकं टक्कल, कातडी निळीशार, मान पिवळी, पाठ लाल, शेपटीला दोन गोल वळलेल्या तारा. हा जमिनीवर आपलं अंगण करतो, पानं, काड्या चोचीत धरून एकेक बाहेर फेकतो, खाली नुसती माती उरेपर्यंत. मग ओरडत बसतो. मादी आली की ती मधल्या बारीक रोपट्यावर वर बसते, हा खाली त्याच रोपट्याला चिकटतो आणि छातीची हिरवी ढाल फुलवून वर तिच्याकडे करतो, म्हणजे तो हिरवा रंग खरा चमकतो तो वरून बघणारीला, लपणात बसलेल्या आपल्याला त्याची बाजूच दिसते. तरी तेवढ्यात माझा सगळा राग गेला, खरं सांगतो.

काही गाईड मुद्दाम अंगणात पान टाकतात, नर चिडून साफ करायला येतो. 1996 साली निसर्गपट करणाऱ्या डेव्हिड अ‍ॅटनबरोंनी याचं पहिलं चित्रण केलं तेव्हाही हीच युक्ती होती. पण रोज सकाळी कोणीतरी पान टाकणार असेल तर त्या बिचाऱ्याने मादीकडे कधी बघायचं? नको म्हणून सांगा, तसाही तो येतोच. फ्लॅश बंद, आयएसओ बिनधास्त वाढवा, आत उजेड फार कमी असतो. ट्रायपॉडला लपणात जागा नाही, उगाच ओझं.

रेड बर्ड ऑफ पॅरडाइज त्याच भागात उंच झाडांवर नाचतो, मान दुखते, पण सुंदर आहे. एकच सकाळ असेल तर विल्सन्सच घ्या. शक्यतो दोन ठेवा, कारण मादी रोज येईलच असं नाही.