शून्य बाइटच्या फायली

राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात जुने लॅपटॉप रोज येतात, पण हायकू ही ऑपरेटिंग सिस्टीम घातलेला क्वचितच. इंजिनीअरिंगचा एक पोरगा तसला घेऊन आला. "दादा, बीटा ४ वरनं बीटा ५ वर न्यायचाय. बॅकअप घेतलाय," म्हणत त्यानं पेनड्राइव्ह पुढं केला.

बीओएस ही जुनी सिस्टीम बंद पडल्यावर स्वयंसेवकांनी २००१ पासून नव्यानं लिहायला घेतलेली ही ऑपरेटिंग सिस्टीम. अजून बीटाच, म्हणजे चाचणीची आवृत्तीच आहे, पण जुन्या मशीनवर काय चपळ चालते!

प्रोजेक्टसाठी भेटलेल्या गुऱ्हाळवाल्यांची नावं, गावं, फोन नंबर त्यानं हायकूच्या संपर्क-फायलींत ठेवले होते. पेनड्राइव्हवर फायली सगळ्या दिसत होत्या, उघडल्या तर कोऱ्या. पोरगं पांढरंफटक पडलं. ही माहिती फायलीच्या पोटात नसतेच, फायलीला जोडलेल्या ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे वेगळ्या नोंदींत असते. लॅपटॉपवरची बीएफएस, म्हणजे हायकूची फायली साठवायची पद्धत, ती सांभाळते, फॅट या दुसऱ्या पद्धतीचा पेनड्राइव्ह नाही. मूळ फायली शाबूत होत्या. हायकूमध्येच झिप केली, कारण तिथलं झिप ॲट्रिब्यूटही सोबत घेतं. दुसऱ्या फोल्डरात ती सोडवली, कागलच्या एकाचा नंबर दिसला, तेव्हाच पुढं सरकलो.

सिस्टीमची आणि हायकूपोर्ट्सची (इतर प्रोग्रॅमची), दोन्ही रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजं जिथून उतरतात ती कोठारं, बीटा ५ च्या केल्या आणि टर्मिनलवर पीकेजीमॅन फुल-सिंक ही अपडेटची आज्ञा चालवली. बदलांची यादी येते ती पूर्ण वाचावी, काय काढलं जाणार ते तिथंच कळतं. रीस्टार्ट केलं. बूटची चिन्हं उजळली आणि पुढं काळा पडदा.

शिफ्ट दाबून पुन्हा चालू केलं. बूट मेनूत अपडेटच्या आधीची सिस्टीम तारीख-वेळेसकट निवडता येते. हायकूतली पॅकेजं डिस्कवर उलगडत नाहीत, जशीच्या तशी माउंट होतात, म्हणून जुना संच बाजूला टिकतो. हायकूची ही सोय मला फार मोलाची वाटते. बीटा ४ लगेच आलं. घरच्या फोल्डरातल्या फायली मात्र अशा मागं नेता येत नाहीत, म्हणून तर आधी झिप.

म्हणजे मशीन ठीक होतं. परत बीटा ५, या खेपेला सेफ मोडमधून युजर ॲड-ऑन (वापरणाऱ्यानं वरून घातलेले जोड) बंद करून. डेस्कटॉप आला.

"तू वरून काही घातलंयस काय रे?"

"ग्राफिक्सचा ड्रायव्हर, दादा. एका मित्रानं दिलेला."

तो नॉन-पॅकेज्ड, म्हणजे पॅकेजविना घातलेल्या गोष्टींच्या फोल्डरात बसला होता. अपडेट तिथं हात लावत नाही. काढला, साधं रीस्टार्ट केलं, पडदा नीट उजळला. तरी बीटा ४ चा संच पुसू दिला नाही. तोंडी परीक्षा होईपर्यंत राहू दे म्हटलं, आणि झिप त्याच्या मेलवर पाठवायला लावूनच लॅपटॉप हातात दिला.