'सलास' वाचलं, पुढचा शब्द झिजलेला

एम.ए.ला आधुनिक इतिहास घेतला. मोडी नंतर शिकलो. पीएच.डी.चा विषय अठराव्या शतकातली पंढरपूरच्या वाटेवरची जकात. मे महिन्यात सोलापुरातल्या एका घरी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, सोडून बसलो होतो. पंखा लावावा तर कागद उडतात, बंद ठेवावा तर मनगटावरून घाम ओघळतो. काजळीची शाई दोन-दोन शतकं काळीभोर राहते, पण पाण्याच्या थेंबाने फिसकटते. म्हणून पंखा बंद आणि हाताखाली कोरडं फडकं.

एका जकातमाफीच्या पत्रात माधवराव पंडित प्रधानांचं, म्हणजे पेशव्यांचं, नाव होतं. शेवटी 'मार्गशीर्ष शुद्ध 12, छ 11 रबिलाखर, सन सलास', मग घडीवर झिजलेला शब्द, त्याचा फक्त 'न' शाबूत, आणि पुढे 'मया व अलफ'. जोडलेल्या चिठ्ठीवर आधीच्या कुणीतरी लिहिलेलं : 'सबैन, 1772'. माझं दुसरं प्रकरण याच सालावर उभं होतं.

हा शुहूर सन, साल अरबी अंकशब्दांत लिहिण्याची जुनी पद्धत. त्यात एकं आधी येतं, मग दहं, शंभर, हजार. सलास 3, मया 100, अलफ 1000. पेशवा माधवराव, म्हणजे थोरले किंवा सवाई. तेव्हा मधला शब्द सितैन (60), सबैन (70), समानीन (80) किंवा तिसैन (90). सन मृगाला बदलतो. इसवी साल काढायला मृगापासून डिसेंबरअखेर 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. मार्गशीर्षाला 599. म्हणजे 1762, 1772, 1782 किंवा 1792.

निकाल लागतो तो 'छ'वर, म्हणजे चंद्रावर : 'छ 11 रबिलाखर' म्हणजे रबिलाखर या मुसलमानी महिन्याचा 11वा चंद्र. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान, त्याला अधिक महिना नाही; त्यामुळे मुसलमानी महिने आपल्या महिन्यांवरून सरकत राहतात. जंत्रीत, म्हणजे दोन्हीकडच्या तारखा जुळवून दिलेल्या तक्त्यांत, बोट ठेवलं : मार्गशीर्ष शुद्धात 1762ला जमादिलावल, 1772ला रमजान, 1782ला मोहरम. रबिलाखर फक्त 1792ला. म्हणजे तिसैन, आणि माधवराव म्हणजे सवाई.

खरं तर जंत्रीआधीच शंका यायला हवी होती. थोरले माधवराव 18 नोव्हेंबर 1772ला थेऊरला वारले. त्या मार्गशीर्षात नाव नारायणरावांचं हवं.

जुनी चिठ्ठी काढली नाही. शेजारी दुसरी ठेवली, पेन्सिलीने : 'तिसैन, 1792. छ 11 रबिलाखरवरून.' शाई मूळ कागदाजवळ न्यायचीच नाही.