जुने स्पायडरमॅन कॉमिक्स: सुरुवात कुठून करावी

सुपरहिरो कॉमिक्सची सुरुवात १९३८ च्या सुपरमॅनपासून करायला गेलात तर बहुतेक मध्येच सोडून द्याल. ऐतिहासिक मोल मोठं, पण नव्या वाचकाला त्या कथा त्रोटक वाटतात. त्यापेक्षा लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांचा स्पायडरमॅन घ्या.

आधी ‘अमेझिंग फँटसी’चा १५ वा अंक (ऑगस्ट १९६२), मग ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चे १ ते ३८ अंक. १९६४ चा पहिला वार्षिक अंकही सोडू नका. सहा खलनायक एकत्र येतात तो हाच. ३८ नंतर डिटको गेले, जॉन रोमिता आले आणि चित्रांचा बाजच बदलला, म्हणून पहिला थांबा इथेच.

अंक शोधताना ती १९६३ ला सुरू झालेलीच मालिका आहे ना, ते बघा. ही मालिका पुढे अनेकदा पुन्हा क्रमांक १ पासून सुरू झाली, त्यामुळे नवे वाचक हमखास चुकीचा अंक उघडतात. संग्रह घेणार असाल तर रंगीत ‘एपिक कलेक्शन’चा पहिला खंड घ्या, त्यात पहिले १७ अंक आहेत. ‘एसेन्शियल’ मालिका कृष्णधवल आहे.

एका बैठकीत दोन-तीनच अंक वाचा. हे महिन्याला एक वाचायचे अंक होते. मागचं पुन्हा सांगणं सलग वाचताना कंटाळवाणं होतं. अपवाद ३१ ते ३३ चा, ते मात्र सलगच वाचा. ३३ मध्ये अवजड यंत्राखाली अडकलेला पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, ते उचलतो, तेव्हा चौकटी पानागणिक मोठ्या होत जातात. अप्रतिम! मोबाइलवर एकेक चौकट वाचलीत तर नेमकं हेच हरवतं.