पाखं वरून धडधाकट होतं

शिडीवरून पाखावर पाय ठेवला तेव्हा माझं मत जवळजवळ ठरलं होतं: जुन्यावरच नवा थर. शिंगल, म्हणजे प्लायवूडवर खिळ्यांनी ठोकलेले, वर खडीचे दाणे असलेले डांबरी तुकडे, वीसेक वर्षांचे, पण सपाट बसलेले. कडा वळलेल्या नव्हत्या. दाणे झडून पन्हळीत साचले होते, ते वयाला धरूनच. मालकीणबाईंनाही तेच हवं होतं. जुनं उपसायचं तर मजुरी वाढते, मलबा निघतो. "वरूनच होईल ना?" त्यांनी दोनदा विचारलं.

वळचणीचा शिंगल उचलून थर मोजले. एकच. बऱ्याच ठिकाणच्या बांधकाम नियमांत दोनाच्या वर थर चालत नाहीत, कारण एका थराचंच ओझं चौरस मीटरला 10 ते 12 किलो भरतं. आढं सरळ होतं, म्हणजे छपराचा सांगाडा खचलेला दिसत नव्हता. इथवर सगळं त्यांच्या बाजूने.

मग पोटमाळ्यात शिरलो. हे मी कधीच टाळत नाही. टॉर्चच्या उजेडात धुराड्याच्या खालच्या अंगाचं प्लायवूड काळवंडलेलं दिसलं, खिळ्यांची टोकं गंजून लाल झालेली. स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि जरा दाबला, तर आरपार गेला.

अशा प्लायवूडमध्ये खिळा टिकणार कसा? दोन थर भेदून तो लाकडात रुतायला हवा. भुग्यात रुतलेला खिळा पहिल्या वादळात सुटतो. शिवाय धुराड्याच्या सांध्यावरचा पत्रा जुन्या शिंगलांखाली दडलेला. वरून थर टाकला असता तर गळती तशीच राहिली असती, फक्त दिसली नसती.

बाईंना वर बोलावलं. त्यांनी बोट लावलं, पापुद्रा हातात आला. थोडा वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तेवढाच तुकडा बदलून वर थर टाकला तर?"

प्रश्न रास्त होता, मीही तो मनात घोळवत होतो. पण ओल कुठवर गेली आहे हे शिंगल काढल्याशिवाय कळत नाही. मी तसंच सांगितलं. त्यांनी संध्याकाळपर्यंत वेळ मागितला आणि होकार दिला.

उपसल्यावर प्लायवूडचे चार तक्ते बाद निघाले, एक तर थेट वळचणीजवळचा. पोटमाळ्यातून तिथवर माझी टॉर्च पोचलीच नव्हती. पाणी आलं होतं ते पत्रा आणि विटा यांच्यामधून: तिथे पत्रा विटांच्या सांध्यात खोवलेलाच नव्हता, नुसतं डांबर फासलं होतं आणि ते तडकलं होतं.