पाच हजारांच्या आतली रायफल

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेला नेमबाजीत कांस्यपदक मिळालं आणि कोल्हापुरात घराघरांत नेमबाजीचा विषय सुरू झाला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, आणि खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आठवीतल्या पुतणीनं जाहीर करून टाकलं, "काका, मला रायफल पाहिजे." भावानं माझ्याकडं बोट दाखवलं. उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाला लोखंडातलं सगळं कळतं, असा आमच्या घरात समज आहे.

स्वप्नीलचा प्रकार ५० मीटरचा. त्याला .२२ ची रायफल लागते आणि तिला शस्त्रपरवाना. पोरं सुरुवात करतात ती १० मीटर एअर रायफलनं. स्पर्धेची परदेशी एअर रायफल लाखांत जाते, म्हणून ठरवलं की आधी सगळ्यांत स्वस्त घ्यायची आणि ती कितपत काम देते ते स्वतः बघायचं. बजेट पाच हजारांच्या आत. एवढ्यात मिळते ती स्प्रिंगची, नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, छर्रा भरायची बंदूक. जत्रेत फुगे फोडायला असते तिचीच जरा सुधारलेली बहीण.

कायद्याचं आधी बघून घेतलं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नळीचं भोक ४.५ मिमीपर्यंत, म्हणजे .१७७, आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. दुकानदारानं आधार कार्डाची प्रत घेतली, वहीत नाव लिहिलं आणि काम झालं. गंमत खोक्यावर होती. वेग छापला होता सेकंदाला हजार फूट. नेहमीचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा खरंच तेवढ्या वेगानं सुटला असता तर ऊर्जा २३ ज्यूलच्या वर गेली असती आणि दुकानदाराला नि मला दोघांनाही परवाना काढावा लागला असता. तो आकडा मी तिथंच सोडून दिला.

दुकानात मात्र बराच वेळ काढला. एकाच मॉडेलच्या तीन बंदुका टेबलावर मागून घेतल्या, कारण स्वस्त मालात दोन नग सारखे निघत नाहीत. नळी बंद करून डावी-उजवीकडं हलवून बघितली. एक सरळ सरळ डुगडुगत होती, ती बाजूला. मग नळीच्या तोंडाशी कापसाचा बोळा फिरवला. तोंडावर बर, म्हणजे कापताना राहिलेली लोखंडाची बारीक खरखरीत कड, राहिली असेल तर कापसाचे धागे अडकतात. दुसऱ्या बंदुकीत अडकले. नळीच्या तोंडाशी छर्रा सुटतो त्या क्षणी मागची हवा सगळीकडून सारखी निघाली पाहिजे; एका बाजूला बर असली की छर्रा ढकलला जातो. तिसरी बरी होती. दस्ता प्लॅस्टिकचा, आतून पोकळ, वाजवला की डबडब करणारा. पण नळी सरळ होती आणि बिजागरीचा बोल्ट घट्ट.

दुकानदार म्हणाला, "पाव्हणं, पाच हजाराच्या बंदुकीला एवढं बघत न्हाईत कोण."

"म्हणूनच बघतोय," मी म्हटलं.

घरी गच्चीवर दहा मीटर मोजून खूण केली. टार्गेटमागं जाड लाकडी खोकं, त्यात जुन्या गोधड्या दाबून भरल्या. पत्रा किंवा नुसती फळी मागं ठेवू नये, छर्रा उलटा येतो. डोळ्यांना चष्मा सक्तीचा, आणि छर्रे शिशाचे असल्यामुळं नंतर साबणानं हात धुणंही. पुतणीला आणखी एक गोष्ट पक्की सांगितली. नळी मोडून छर्रा भरताना दुसऱ्या हातानं नळी धरूनच ठेवायची. खटका सुटला तर नळी झटक्यानं बंद होते आणि बोटं सापडतात. आणि छर्रा न घालता बार काढायचा नाही. पुढं हवेची गादी नसली की दट्ट्या थेट लोखंडावर आपटतो.

सुरुवातीचे बार म्हणजे नुसता धूर आणि जळक्या तेलाचा वास. कारखान्यात आत घातलेलं तेल दाबानं तापून पेटतं, ह्याला डिझेलिंग म्हणतात. ते जळून जाईपर्यंत बंदुकीची परीक्षा घेण्यात अर्थ नाही, छर्रे वाटेल तिकडं जातात. आवाज शांत झाल्यावर मोजायला घेतलं. पाच-पाच छऱ्यांचा गट मारायचा आणि सगळ्यांत लांबच्या दोन भोकांतलं अंतर व्हर्नियरनं घ्यायचं. ते भरलं ३५ मिमीच्या आसपास. दहा मीटरच्या टार्गेटवरचा सगळा काळा गोल ३०.५ मिमीचा असतो आणि मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे आमचे छर्रे काळ्याच्याही बाहेर चालले होते.

दस्त्याचे स्क्रू बघितले, दोन ढिले. स्प्रिंगच्या बंदुकीत ते ढिले होतच राहतात. स्क्रूलॉक, म्हणजे स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून लावायचं चिकट द्रव, लावून आवळले. मग ते नेम धरायला नळीवर पुढं-मागं बसवलेलं चमकणारं हिरवं-लाल फायबर साइट. दुकानात छान दिसतं, पण कागदावर काळा गोल झाकून टाकतं. मेणबत्तीच्या काजळीनं पुढचं-मागचं दोन्ही काळं केलं आणि माशीच्या, म्हणजे पुढच्या साइटच्या, कडा एकदम स्पष्ट दिसायला लागल्या. त्यानंतर छर्रे. बंदुकीबरोबर आलेली डबी उघडली तर निम्म्या छऱ्यांची कड दबलेली. सपाट डोक्याचे, स्पर्धेसाठीचे छर्रे वेगळे आणले, महाग होते. गट तिथंच २२ वर आला.

बाकीचा फरक धरण्यात होता. दट्ट्या सुटला की छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच बंदूक हलायला लागते, आधी मागं आणि मग पुढं. खांद्याला आवळून, मुठीत घट्ट धरली की प्रत्येक वेळी वेगळीच उडी मारते. पुढचा दस्ता उघड्या तळहातावर नुसता टेकवला, जागा दर वेळी तीच ठेवली, खांद्याला हलकी लावली. गट १५ मिमीवर आला. लेथवर एवढा फरक कुणी खपवून घेतला नसता, पण एवढ्या पैशात मला तो मान्य आहे.

अडलं ते घोड्यापाशी. बॅग मोजायचा स्प्रिंगकाटा लावून बघितला, अडीच किलोच्या वर ओढावं लागत होतं, आणि वाटेत खरखर. स्पर्धेच्या रायफलीचा घोडा शंभर-सव्वाशे ग्रॅमवर सुटतो. पुतणी म्हणाली, "काका, हे दाबायला माझी दोन बोटं लागतील." दोन बोटं लावलीही तिनं, आणि दाबताना नेम दर वेळी उजवीकडं ओढला जायचा. शूटिंग क्लबातल्या सरांना बंदूक नेऊन दाखवली. त्यांनी एक बार काढला, हसले आणि सांगितलं की बंदूक ठेवा, पण मुलीला हिच्यावर शिकवू नका. घोडा हिसकायची सवय लागली की ती मोडायला जास्त वेळ जातो. क्लबाच्या रायफली भाड्यानं मिळतात. ती आता आठवड्यातून दोनदा तिकडंच जाते. तिथली रायफल जड आहे, पण स्टँडवर टेकवून सुरुवात करून घेतात.

मग पाच हजार गेले का? भावाला तसं वाटतं. मला वाटतं, नळी चांगली निघाली आणि बाकीचं सगळं मला दुरुस्त करता येतं. घोड्याच्या खटक्याच्या कडा घासून गुळगुळीत करायचा मोह होतो, पण कडा जास्त घासली तर भरलेली बंदूक धक्क्यानं सुटेल, म्हणून तिथं हात लावलेला नाही. सांध्यात थोडं ग्रीस घातलं, बस्स. चिपळूणचा साडू येऊन बंदूक बघून गेला आणि विचारलं, आंब्यावरची वानरं हाकलायला चालेल का? त्याला सांगितलं, वानर वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं, छर्रा मारलास तर तुलाच आत बसावं लागेल. तो फटाक्यांवर परत गेला.

पावसाळ्यात नळीला रोज तेलाचं फडकं लागतं, नाहीतर कोल्हापूरच्या हवेत दोन दिवसांत तांबूस ठिपके येतात. स्प्रिंग आताच थोडी बसल्यासारखी वाटते, बार पूर्वीएवढा कडक येत नाही. नळीच्या बुडाचं रबरी सीलही एकदा तपासायचंय. बार काढताना सांध्याजवळ टिश्यूचा तुकडा धरला की हवा गळत असेल तर तो फडफडतो. नवी स्प्रिंग आणि सील दुकानदाराकडं मागितलंय, पुढच्या मालात येईल म्हणतो.