पुलापलीकडची खोली

एप्रिलमधल्या एका सकाळी, मी कुकरच्या शिट्ट्या मोजत असताना, मुलीचा अमेरिकेतल्या मिनेसोटाहून फोन आला आणि ती म्हणाली, "आई, माझा नंबर फार वाईट आला गं." नंबर म्हटला की आमच्या पिढीला एक तर गुणवत्ता यादी आठवते, नाहीतर चष्मा, त्यामुळे मी आधी शिट्ट्या विसरले आणि मग कोणत्या विषयात घसरलीस ते विचारले. विषयाचा काही संबंध नव्हता. पुढच्या वर्षी कोणत्या खोलीत राहायचे हे निवडण्यासाठी कॉलेजात जी सोडत निघते, तिथले रूम ड्रॉ, तिच्यात तिचा क्रमांक पार तळाशी आला होता.

ती शिकते ते कार्लटन कॉलेज नॉर्थफील्ड नावाच्या गावात आहे. १८६६ साली स्थापन झालेल्या या कॉलेजात विद्यार्थी जेमतेम दोन हजार, म्हणजे पुण्यातल्या एखाद्या मोठ्या कॉलेजच्या एका शाखेत असतील तेवढे. गाव वीस हजारांच्या आसपास वस्तीचे, तरी नदीपलीकडे सेंट ओलाफ नावाचे आणखी एक कॉलेज आहेच. 'गायी, कॉलेजे आणि समाधान' हे या गावाचे ब्रीद. कार्लटनमध्ये पदव्युत्तर वर्ग नाहीत, आणि मुख्य विषय ठरवण्याची घाई दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत नसते. तोवर भूगर्भशास्त्राच्या जोडीला संगीत घेतले तरी कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. विषयाला अशी सवड असली तरी खोलीला मात्र नाही. बहुतेक सगळी मुले चारही वर्षे कॉलेजच्याच वसतिगृहांत राहतात, आणि पहिले वर्ष सरले की दर वसंतात ही सोडत असते. वरच्या वर्गांना आधी निवडता येते, आणि एका वर्गातल्या मुलांचा क्रम नशिबावर ठरतो.

पहिल्या वर्षी खोलीतली जोडीदार कॉलेजच ठरवते, एक प्रश्नावली भरून घेऊन. आमच्या कन्यारत्नाने त्यात 'रात्री लवकर झोपते' असे बिनदिक्कत लिहिले होते. ज्या मुलीशी तिची जोडी लागली तिनेही नेमके तेच लिहिले होते, आणि दोघीही दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या निघाल्या. खोटेपणा जुळल्यामुळे टिकलेली अशी मैत्री मी दुसरी पाहिलेली नाही.

दुसऱ्या वर्षाचा प्रश्न असा कागदावर सुटत नाही. बर्टन वसतिगृहात राहिले तर जेवणघर त्याच इमारतीत, म्हणजे हिवाळ्यात कोट न चढवता जेवायला जाता येते. वॉटसन सात मजली आहे. गुडह्यू मात्र तळ्यावरचा पूल ओलांडून पलीकडे, राखलेल्या वनाला लागून आहे. वॉटसन आणि गुडह्यू या दोन्ही इमारतींचे आराखडे मिनोरू यामासाकी यांचे, ज्यांनी पुढे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे उभे केले. पण शून्याखाली वीस अंश थंडीत सकाळच्या तासाला निघालेल्या मुलीला वास्तुकलेचे कौतुक किती राहत असेल, याविषयी मला शंका आहे.

खरी अडचण इमारतीची नव्हतीच. मैत्रिणी तीन होत्या आणि खोल्या दोघींच्या. आमच्या वसतिगृहात, १९९३ साली, रेक्टरबाई फळ्यावर यादी लावत, आम्ही आपापले नाव शोधत असू, आणि जिच्याशी पटत नसे तिच्यासोबत वर्षभर राहताना रेक्टरबाईंच्या नावाने खडे फोडत असू. त्या खड्यांचा किती आधार होता, हे मला मुलीचा फोन येईपर्यंत कळले नव्हते. तिला खडे फोडायला कोणी नव्हते. शिवाय एवढ्याशा कॉलेजात, जिला आज 'तू नाहीस' असे सांगायचे, ती उद्या वीस जणांच्या वर्गात शेजारच्या खुर्चीवर आणि दुपारी जेवणाच्या रांगेत पुढेच उभी असते.

तिला पोहोचवायला सप्टेंबरमध्ये गेले होते तेव्हा मी तिथले एक घर पाहिले होते. कॉलेजात नोकरी केलेल्या डेसी मोझेस नावाच्या बाईंचे हे साधे लाकडी घर, १९८१ साली त्या गेल्या तेव्हा त्यांनी कॉलेजला देऊन टाकलेले. कोणाही विद्यार्थ्याने कधीही यावे आणि कुकीज भाजाव्यात. पीठ, साखर, लोणी, चॉकलेटचे तुकडे सगळे तिथे भरलेले असते. भांडी मात्र ज्याची त्याने घासायची. त्या दिवशी वाऱ्यावर भाजक्या धान्याचा वास होता. गावात मॉल्ट-ओ-मील या गव्हाच्या रव्याच्या लापशीसाठी नावाजलेला कारखाना आहे, त्याचा तो वास. मला तर कोणीतरी शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतल्यासारखे वाटले, आणि परक्या मुलखात मुलीला सोडून जाताना त्या वासाचा उगाच धीर आला.

एप्रिलमध्ये तिघी तिथेच गेल्या. तिसरीला शेंगदाणे चालत नाहीत, म्हणून पीनट बटरची बरणी आधी कपाटात मागे सारली. मग पीठ मळले, गोळे केले, ट्रे ओव्हनमध्ये सरकवला, आणि तेव्हा माझ्या मुलीने सांगितले. "भाजायला बारा मिनिटं लागतात ना, तेवढा वेळ कोणी उठून जात नाही," असे ती मला म्हणाली. हा हिशेब तिने केला की तिच्या जोडीदारणीने, ते मी विचारले नाही. तिसरी काही बोलली नाही. तिने सगळी भांडी एकटीने घासली, दोघींना हातही लावू दिला नाही, आणि आपल्या वाटच्या कुकीज न घेता निघून गेली.

तळाच्या क्रमांकाला शेवटी गुडह्यूमधली दोघींची खोली मिळाली. पूल हिवाळ्यात घसरडा होतो, जेवायला जायचा कंटाळा येतो, पण खिडकीतून झाडे दिसतात, असे कळले.

तिथले पहिले सत्र नोव्हेंबरातच संपते आणि मुले सहा आठवडे मोकळी असतात, त्यामुळे यंदा ती भरपूर राहून गेली. जानेवारीत निघताना सामान भरत होतो. मी पातळ पोह्यांच्या चिवड्याच्या नेहमीसारख्या दोन पिशव्या बांधल्या, तेव्हा ती म्हणाली, "आई, अजून एक कर. आणि ती वेगळ्या कढईत कर, त्यात दाणे नकोत."

मी धुतलेली कढई पुन्हा गॅसवर ठेवली.