बोजोलेत द्राक्ष तोडायला गेलो होतो, त्याचा माझा अनुभव

आमची निफाडकडे द्राक्षबाग आहे. त्यामुळे फ्रान्समध्ये ल्योंला शिकायला आल्यावर जेव्हा कळलं की सप्टेंबरात इथली पोरं शेजारच्या बोजोले या वाईनच्या भागात द्राक्ष तोडायला जातात, पगार मिळतो आणि वर जेवण आणि वाईन, तेव्हा म्हटलं हे तर घरचंच काम. 2024 चा सीझन होता. घरचं काम हा समज पहिल्याच दिवशी सकाळी दहाच्या आत उतरला.

कागदपत्रांचं फार नाही. स्टुडंट व्हिसावर वर्षाला 964 तास काम करता येतं, त्यात हे आरामात बसतं. पासपोर्ट, रेसिडन्स परमिट, सोशल सिक्युरिटी नंबर आणि बँकेचे डिटेल्स, बस. पैसे तासाला किमान वेतनाने, तेव्हा 11.65 युरो होते, कापाकापीच्या आधी. एका मळेवाल्याने मला दोन आठवडे झुलवलं आणि आदल्या दिवशी मेसेज टाकला की माणसं झाली. दुसऱ्याने फोनवर एकच विचारलं, पाठ ठीक आहे ना तुमची?

का विचारलं ते बाग बघितल्यावर कळलं. आमच्याकडे मांडवाखाली उभं राहायचं, घड डोक्याजवळ लटकत असतात. इथे गामे जातीच्या जुन्या वेली, गुडघ्याएवढ्या, ना मांडव ना तार, आणि घड जमिनीपासून वीतभर वर. म्हणजे दिवसभर वाकून नाहीतर गुडघ्यावर. मुकादमाने हातात कात्री दिली आणि म्हणाला, "सेकातर." अरे म्हणजे सिकेटर! सातवीत असताना बाबांनी हातात दिलेलं सिकेटर फ्रेंच निघालं, आणि त्या सकाळी मला कळलेला तो एकमेव शब्द.

घड धरायची माझी पद्धतच चुकीची निघाली. आमच्याकडे देठाला धरायचं, मण्यांवरची ती पांढुरकी झाक पुसली गेली की व्यापारी भाव पाडतो. मी तसाच एकेक घड बाळासारखा बादलीत ठेवत होतो आणि शेजारची साठीची बाई चार वेली पुढे. इथे सरळ मुठीत घ्यायचा, कट, बादली. झाक गेली तरी चालते, मणी फुटता कामा नये. कारण अख्खेच्या अख्खे घड टाकीत जातात, तळाचे मणी वजनाने फुटून आंबायला लागतात, त्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने टाकी भरते आणि मग वरच्या न फुटलेल्या मण्यांच्या आतल्या आतच आंबणं सुरू होतं. म्हणून ही वाईन घशाला ओढत नाही, फळासारखी लागते. मशीनने तोडलं तर मणी सुटे होतात, फुटतात, म्हणून हाताने तोडायचा एवढा आग्रह.

आता मुद्द्याचं, खाणं. सकाळी नऊला कास-क्रुट, म्हणजे आपली न्याहारी. ओळीच्या टोकाला क्रेट उलटं टाकून त्यावर पाव, सोसिसाँ म्हणजे सुकवलेलं सॉसेज, बकरीच्या दुधाचं चीज, कॉफीचा थर्मास आणि लेबल नसलेली बाटली. सकाळी नऊला वाईन! मी पाणी मागितलं तर पाठीवर बादल्यांचा माल वाहणारा म्हातारा हसला. त्यानेच मग गामेची गोष्ट सांगितली, की 1395 मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने ही जात उपटून टाकायचा हुकूम काढला होता, आणि बघ म्हणाला, उपटली का? तेव्हा नेमका पितृपक्ष चालू, आईचा फोन, काय खाल्लंस. म्हटलं भाकरी. पावाला भाकरी म्हटलं तर फार खोटं नाही.

दुपारचं जेवण मालकीणबाई करायच्या, लांब टेबल, वीस माणसं. एक दिवस हिरवट मसूर आणि सॉसेज. डाळ बघून जीव हरखला, पण फोडणीच नाही हो, नुसती उकडलेली. माझं तोंड बघून बाईंनी दिजोंच्या मोहरीची बरणी सरकवली. चमचाभर कालवून घास घेतला आणि नाकात जो झणका गेला तो डायरेक्ट आजीच्या फेसलेल्या मोहरीच्या लोणच्याचा. मग बरणी माझ्याच पुढ्यात राहिली.

तिसऱ्या दिवशी बुटाची लेस बांधता येईना. चौथ्या दिवशी पाऊस. पाचव्या दिवसापासून सवय झाली, बास, यावर जास्त लिहीत नाही.

बाबांना रोज रिपोर्ट लागायचा. "डाऊनी आहे का तिकडं?" होती ना, वेलीवरची ती बुरशी, ओलं वर्ष, मालक वैतागलेला. आम्ही पण त्यावर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारतो म्हटल्यावर त्याने मला पहिल्यांदा नीट बघितलं. आणि बोर्डो हे इथल्या शहराचं नाव आहे हे ऐकून बाबा म्हणाले, "मला वाटलं कंपनी आहे."

शेवटच्या दिवशी पहिल्या टाकीचा माल प्रेसमध्ये घातला होता. त्यातून निघतो तो गुलाबी, कोमट, अर्धवट आंबलेला रस, त्याला इथे पारादी म्हणतात, म्हणजे स्वर्ग. उसाच्या रसासारखा गोड, जिभेवर थोडा चुरचुरतो. तीन ग्लास प्यायलो. पिऊ नका तीन ग्लास. रात्री रव्होल होती, तोडणी संपल्याची मेजवानी, आणि तिचा अर्धा वेळ मी कुठे होतो ते विचारू नका.

पगार आल्यावर ल्योंच्या एका बुशाँमध्ये गेलो, इथली जुनी साधी खानावळ. वाईन जाड बुडाच्या 46 सेंटीलिटरच्या बाटलीत येते, तिला पो म्हणतात. सेर्वेल द कान्यू मागवलं, नावाचा अर्थ रेशीम विणकराचा मेंदू, प्रत्यक्षात आपला चक्का, साखरेऐवजी कांदा, लसूण, हिरवी पात घातलेला. पावाबरोबर सगळा संपवला.

21 नोव्हेंबरला, महिन्यातला तिसरा गुरुवार, त्या वर्षीची बोजोले नुव्हो, म्हणजे इथली ताजी नवी वाईन, बाजारात आली. आमच्या मालकाची एक बाटली घेतली आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

"एका बाटलीला किती द्राक्ष लागतात?"

"किलो-सव्वा किलो."

"आणि बाटली कितीला?"

"सात युरो. सहाशेच्या वर."

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चल, उद्या बागेत फवारणी आहे," आणि फोन ठेवला.